हृदय नवं, रक्त जुनं

दुसऱ्याचं हृदय छातीत बसवलं, ते धडधडायला लागलं, पेशंट घरीही गेला. पण शरीराने ते हृदय खरंच स्वीकारलंय का, हे कसं कळणार? दर वेळी हृदयाचा तुकडा काढूनच बघायचं, की नुसत्या रक्तावरून कळेल? या प्रश्नाचं उत्तर गेली कित्येक वर्षं कुत्रे, उंदीर, डुकरं आणि बबून माकडांच्या रक्तात शोधलं जातंय.

‘ग्रीन कॉरिडॉर’ची बातमी तुम्ही पाहिली असेलच. एका शहरातून हृदय निघतं, पोलीस सगळे सिग्नल मोकळे ठेवतात, अँब्युलन्स सुसाट सुटते. कारण दात्याच्या शरीरातून हृदय काढलं की हातात साधारण चारच तास असतात. ऑपरेशन होतं, हृदय धडधडतं, डॉक्टरांच्या टीमचा फोटो छापून येतो. बातमी संपली.

पुढे काय होतं ते सहसा छापून येत नाही. हृदय नवं असतं, पण त्यातून वाहणारं रक्त पेशंटचं स्वतःचंच असतं, जुनंच. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिवसरात्र गस्त घालत असतात. समोर येईल त्या पेशीचं ओळखपत्र तपासायचं, आपला असेल तर जाऊ द्यायचं, परका असेल तर हल्ला करायचा, हे त्यांचं काम. त्यांना कोण सांगणार की बाबांनो, हा परका आपला जीव वाचवायला आलाय? त्या हल्ला करतात. यालाच म्हणतात रिजेक्शन.

ते होऊ नये म्हणून पेशंटला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. इथे डॉक्टरांची तारेवरची कसरत असते. औषध कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर इन्फेक्शन. जीव दोन्हीकडे जाऊ शकतो. आणि वाईट म्हणजे, रिजेक्शन सुरू झालं तरी सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही. दम लागायला लागतो, पाय सुजतात, तोवर बरंच नुकसान झालेलं असतं.

मग डॉक्टर काय करतात? बायॉप्सी. मानेतल्या शिरेतून एक बारीक चिमटा थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात आणि तांदळाच्या कणीएवढे काही तुकडे काढून मायक्रोस्कोपखाली बघतात. पहिल्या वर्षात हे डझनभर वेळा किंवा त्याहून जास्त वेळा करावं लागू शकतं. स्टॅनफर्डच्या फिलिप केव्ह्ज यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुळवली आणि आजही शेवटचा शब्द तिचाच मानला जातो. पण तिच्यात एक अडचण आहे. रिजेक्शन हृदयभर सारखं पसरत नाही, ठिपक्याठिपक्यांनी सुरू होतं. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करायची, पण नेमकं ते शीत हाती लागेलच याची खात्री नाही.

म्हणून प्रश्न येतो, तेच रक्तात दिसलं तर? हल्ला करणाऱ्या पेशी रक्तातून येतात, हृदयाचा कचराही रक्तातच पडतो. दंडातून पाच मिलिलिटर रक्त काढलं आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट, किती सोपं झालं असतं!

सोपं झालं नाही. का झालं नाही, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात कुत्र्यांपासून

१९०५ साली शिकागोमध्ये अ‍ॅलेक्सिस कॅरेल आणि चार्ल्स गथ्री यांनी एका लहान कुत्र्याचं हृदय काढून मोठ्या कुत्र्याच्या मानेत जोडलं. ते साधारण दोन तास धडधडलं आणि मग आत रक्ताच्या गुठळ्या होऊन थांबलं. रक्तवाहिन्या शिवण्याच्या तंत्रासाठी कॅरेल यांना पुढे १९१२चं नोबेल मिळालं.

१९३३मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फ्रँक मान यांच्या टीमने तोच प्रयोग जास्त नीट केला. मानेतलं हृदय काही दिवस चाललं, जास्तीत जास्त आठ दिवस. शिवण चांगली, रक्तप्रवाह चांगला, तरी हृदय बंद पडत होतं. कापून बघितलं तर आत पांढऱ्या पेशींची गर्दी. चूक टाक्यांची नव्हती, भानगड दुसरीच होती.

ती भानगड उलगडायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. भाजलेल्या लोकांवर दुसऱ्याची त्वचा लावून बघताना ग्लासगोमध्ये पीटर मेडावार आणि थॉमस गिब्सन यांच्या लक्षात आलं की त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळून पडते. म्हणजे शरीराला पहिली वेळ आठवते! आठवण असेल तर तो प्रतिकारशक्तीचाच खेळ. त्याच्या काही वर्षं आधी लंडनमध्ये पीटर गोरर यांना उंदरांच्या रक्तपेशींवर एक खूण सापडली होती. परका ऊतक टिकणार की नाही, ते त्या खुणेवर ठरत होतं. माणसातल्या अशाच खुणांना आपण आज एचएलए म्हणतो. ‘मॅचिंग झालं का?’ असं हॉस्पिटलमध्ये विचारतात ना, त्यातलं एक मॅचिंग हे.

१९६०मध्ये स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी कुत्र्याचं हृदय काढून त्याच जागी दुसऱ्या कुत्र्याचं हृदय बसवलं. त्यातली काही कुत्री ६ ते २१ दिवस जगली, हिंडली-फिरली आणि मग रिजेक्शनने गेली. पुढे या टीमला एक उपयोगी गोष्ट दिसली. रिजेक्शन सुरू झालं की ईसीजीच्या रेघांची उंची कमी होते. ती उतरली की औषध द्यायचं. रेघ परत वर आली की कुत्रा वाचला. शरीर न कापता रिजेक्शन ओळखायची ही पहिली चांगली युक्ती. कमाल ना?

१९६७च्या डिसेंबरात केप टाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसात पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. पेशंट १८ दिवस जगला आणि गेला तो न्यूमोनियाने. म्हणजे हृदय चालू होतं, पण इन्फेक्शनने घात केला. मघाची कसरत आठवा.

आता आपल्या मुंबईकडे या. १९६८च्या फेब्रुवारीत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. त्याआधी त्यांच्या टीमने कुत्र्यांवर या ऑपरेशनचा अभ्यास केला होता. पेशंट काही तासच जगला, रिजेक्शनचा टप्पा आलाच नाही. पण केईएमच्या समोरून जाताना लक्षात असू द्या, जगातल्या अगदी सुरुवातीच्या हृदय प्रत्यारोपणांपैकी एक इथे झालंय. त्यानंतर भारतात पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला १९९४ उजाडलं. ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ते केलं.

या दोन तारखांच्या मध्ये जे बदललं त्यात एक मोठी गोष्ट म्हणजे सायक्लोस्पोरिन हे औषध. नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून ते मिळालं आणि उंदीर-डुकरांच्या हृदय प्रत्यारोपणात तपासून माणसांपर्यंत आलं. त्याने जीव वाचवले, पण ईसीजीची युक्ती मात्र निकामी केली. कारण या औषधावर असताना रिजेक्शन झालं तरी रेघ पूर्वीसारखी उतरत नाही. आता नवी खूण शोधणं भाग होतं, आणि संशोधक रक्ताकडे वळले.

उंदराच्या पोटात दुसरं हृदय

कुत्र्यांवरचे प्रयोग महाग आणि किचकट. शिवाय प्रत्येक कुत्रा वेगळा, तुलना कशी करणार? म्हणून उंदीर आले. १९६९मध्ये ओनो आणि लिंडसे यांनी मोठ्या उंदरात म्हणजे रॅटमध्ये आणि १९७३मध्ये कोरी यांच्या टीमने छोट्या उंदरात म्हणजे माऊसमध्ये एक पद्धत बसवली. आजही जगभरच्या लॅबमध्ये तीच वापरतात.

पद्धत ऐकून तुम्ही थक्क व्हाल. उंदराचं स्वतःचं हृदय छातीत तसंच ठेवायचं. दुसऱ्या उंदराचं, शेंगदाण्याहून लहान हृदय त्याच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडायचं. ते पोटात धडधडत राहतं. त्याच्यावर रक्ताभिसरणाची जबाबदारी नसते, त्यामुळे ते थांबलं तरी उंदीर मरत नाही. रोज पोटावर हलकेच बोट ठेवायचं आणि ठोका लागतो का ते बघायचं. जोरात लागला तर जास्त मार्क, मंद लागला तर कमी, लागलाच नाही तर शून्य. आधुनिक संशोधनातली ही मोजणी चक्क बोटाने होते!

पण खरी गंमत उंदरांच्या निवडीत आहे. सख्ख्या भावंडांचं प्रजनन किमान वीस पिढ्या सलग केलं की त्या वाणाचे सगळे उंदीर एकमेकांचे जुळे असावेत इतके सारखे होतात. आता दोन गट करा. पहिल्या गटात एकाच वाणाच्या उंदराकडून उंदराला हृदय. हे शरीराला परकं वाटत नाही, महिनोन्‌महिने धडधडतं. दुसऱ्या गटात वेगळ्या वाणाच्या उंदराचं हृदय. औषध दिलं नाही तर हे साधारण आठवडाभरात बंद पडतं.

दोन्ही गटांत पोट फाडलं, टाके घातले, हृदय थोडा वेळ रक्ताविना राहिलं. सगळं सारखं, फरक फक्त ‘आपला की परका’ एवढाच. त्यामुळे दोन्ही गटांच्या रक्तात जे सारखं वाढलं ते ऑपरेशनमुळे आणि जे फक्त दुसऱ्या गटात वाढलं ते रिजेक्शनमुळे, असा हिशेब मांडता येतो.

आम्हाला मास कॉममध्ये शिकवतात की समोर आकडा आला की आधी विचारा, ‘कशाच्या तुलनेत?’ हा पहिला गट म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

रक्तात काय काय दिसतं?

आता या उंदरांच्या रक्तात डोकावू. चार प्रकारच्या खुणा सापडतात.

पहिली : जागं झाल्याची खूण. परका दिसला की टी-पेशी जाग्या होतात, स्वतःच्या प्रती काढत सुटतात. त्यासाठी त्यांच्या अंगावर एक अँटेना उगवते, इंटरल्युकिन-२ नावाचा निरोप पकडणारी. या अँटेनांचे काही तुकडे सुटून रक्तात तरंगतात आणि ते मोजता येतात. इंटरफेरॉन गॅमा, आयएल-६ असे इतर निरोपही रक्तात वाढतात. आयएल-६ हे नाव कोविडच्या दिवसांत तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी रिपोर्टवर तुम्ही वाचलं असेल. तेच हे.

दुसरी : हल्ल्याचा धूर. टी-पेशींच्या मदतीला मॅक्रोफेज नावाच्या दांडग्या पेशी येतात. त्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो, शिवाय त्याचे नायट्राइट-नायट्रेट हे अवशेष रक्तात आणि लघवीत सापडतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळ्या वाणाचं हृदय बसवलेल्या रॅटच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन दाखवून दिलं.

तिसरी : पडझडीचा ढिगारा. हृदयाच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात येतं. छातीत दुखतंय म्हणून कुणाला कॅज्युअल्टीत नेलं की हीच टेस्ट करतात. फुटलेल्या पेशींचा डीएनएही बारीक तुकड्यांत रक्तात येतो आणि तो दात्याचा असल्यामुळे पेशंटच्या डीएनएपेक्षा वेगळा ओळखता येतो.

चौथी : लेखी तक्रार. थोडे दिवस गेले की शरीर खास त्या दात्याच्या खुणांविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. रक्तात या सापडल्या तर समजायचं की शरीराने या परक्याचं नाव नीट लिहून घेतलंय.

वाचून वाटेल, झालं की मग! चार टेस्ट आहेत, करा आणि मोकळे व्हा.

पण थांबा.

गोची नेमकी इथेच आहे

पहिली खूण सगळ्यात लवकर येते. हृदयाचं फारसं नुकसान व्हायच्या आधी. पण टी-पेशी कशानेही जाग्या होतात. साधा व्हायरल झाला तरी त्या अँटेनांचे तुकडे वाढतात. टाक्यात पू झाला तरी आयएल-६ वाढतं. रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं आणि इन्फेक्शन असेल तर औषध कमी करायचं. उपाय अगदी उलटे आणि खूण मात्र एकच! चुकीचा अर्थ लावला तर आगीतून फुफाट्यात.

दुसऱ्या खुणेचंही तसंच. नायट्रेट तर पालक आणि बीटमध्येही भरपूर असतं. प्रयोगातल्या प्राण्याने काय खाल्लं याचा हिशेब ठेवला नाही तर आकडा फसवू शकतो.

तिसरी खूण जास्त नेमकी आहे. ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हृदयालाच इजा झालीय, यात शंका नाही. पण ते ऑपरेशननंतर लगेचही वाढलेलं असतं, दोन्ही गटांत. पहिल्या गटात ते काही दिवसांत खाली येतं, दुसऱ्या गटात परत चढतं. म्हणजे एकच नमुना घेतला तर काहीच कळत नाही, रोजचा आलेख हवा. आणि ते परत चढलं याचा अर्थ नुकसान सुरू झालेलं आहे. धोक्याची घंटा वाजली खरी, पण चोर घरात शिरल्यावर.

तर या सगळ्या प्रयोगांचा सारांश मला असा दिसतो : जी खूण लवकर येते ती मोघम असते आणि जी नेमकी असते ती उशिरा येते. लवकर येणारी आणि नेमकी अशी एकच जादूची खूण अजून तरी हाती आलेली नाही. म्हणून शहाणी लॅब एका आकड्यावर विसंबत नाही. तीन-चार खुणा एकत्र, पुन्हा पुन्हा आणि त्याच प्राण्यात मोजायच्या, मग चित्र उभं राहतं.

आणखी एक मेख आहे. बहुतेक प्रयोगांतला उंदीर तरुण असतो, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेला असतो, त्याने आयुष्यात फारसे जंतू पाहिलेले नसतात. माणूस लोकलमधून प्रवास केलेला, चार-पाच व्हायरल पचवलेला, शिवाय रोज औषधाच्या गोळ्या घेणारा. औषध न दिलेल्या उंदरात जी खूण डोंगराएवढी दिसते, तीच औषधावर असलेल्या माणसात टेकडीएवढीही उरत नाही. उंदरात चाललं ते माणसात चालेलच असं नाही. ‘रक्ताच्या एका थेंबात निदान!’ असा मथळा दिसला की हे आठवा.

रक्ताने सांगितलं होतं

या खुणा जिवावर कशा बेततात, ते गेल्या काही वर्षांत डुकरांच्या हृदयाने दाखवून दिलं.

माणसाची हृदयं पुरत नाहीत, म्हणून डुकराचं हृदय वापरता येईल का याचा शोध बरीच वर्षं चालू आहे. आधी बबूनवर प्रयोग झाले. अमेरिकेत २०१६मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात एका बबूनच्या पोटात जोडलेलं, जनुकं बदललेलं डुकराचं हृदय तब्बल ९४५ दिवस धडधडलं. २०१८मध्ये म्युनिकच्या टीमने बबूनचं हृदय काढून त्याच जागी डुकराचं बसवलं आणि तो १९५ दिवस जगला.

पण म्युनिकच्या प्रयोगांत काही बबून महिन्याच्या आतच दगावले होते. का? २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण पुढे आलं. त्या बबूनना मिळालेल्या हृदयांत डुकरांचा एक सायटोमेगॅलोव्हायरस लपलेला होता. अशा बबूनच्या रक्तात आयएल-६ आणि टीएनएफ हे दाह दाखवणारे निरोप वाढलेले होते आणि रक्त गोठण्याचं तंत्रही बिघडलं होतं. बाहेरून बघितलं तर रिजेक्शनच वाटावं. मूळ कारण मात्र व्हायरस.

७ जानेवारी २०२२ला अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात ५७ वर्षांच्या एका पेशंटला दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय बसवलं. माणसातला हा अशा प्रकारचा पहिलाच प्रयोग. त्या डुकराची नाकातल्या स्वॅबने तपासणी झाली होती, व्हायरस सापडला नव्हता. ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी पेशंटच्या रक्तात त्याच व्हायरसचा डीएनए अगदी थोडा दिसला आणि पुढे वाढत गेला. ८ मार्चला पेशंट गेला. नंतरच्या तपासात व्हायरस, अँटिबॉडीमुळे झालेली इजा, पेशंटची आधीचीच नाजूक तब्येत अशी अनेक कारणं पुढे आली, एकच कारण ठरवता आलं नाही.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये तिथेच दुसऱ्या पेशंटला डुकराचं हृदय बसवलं. तोही साधारण सहा आठवडे जगला, त्याच्यात रिजेक्शनची लक्षणं दिसली.

बबूनच्या रक्ताने जी गोष्ट आधीच सांगितली होती, तीच माणसाच्या रक्तात पुन्हा दिसली. आता दात्या डुकराची नुसती नाकाची तपासणी पुरेशी मानली जात नाही, लपलेला व्हायरस शोधायच्या जास्त बारीक तपासण्यांवर भर आहे.

माणसाला काय मिळालं?

निराश होऊ नका, मिळालंय. २०१०मध्ये अमेरिकेत हृदय प्रत्यारोपण झालेल्या ६०२ पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांची नेहमीसारखी बायॉप्सी केली. उरलेल्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये ठरावीक ११ जनुकं किती जागी आहेत ते मोजलं आणि गरज वाटली तरच बायॉप्सी केली. दोन वर्षांत गंभीर त्रास झालेल्यांचं प्रमाण रक्ताच्या गटात १४.५ टक्के, बायॉप्सीच्या गटात १५.३ टक्के. जवळजवळ सारखंच. पण बायॉप्सी? एका गटात पेशंटमागे वर्षाला सरासरी ०.५, दुसऱ्यात ३. म्हणजे मानेतून चिमटा घालायच्या किती वेळा टळल्या, बघा.

अर्थात हे पेशंट ऑपरेशनचे पहिले धोक्याचे महिने पार केलेले होते. सगळ्यांना हे लागू होत नाही.

२०१४मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने हृदय प्रत्यारोपणाच्या पेशंटमध्ये दात्याच्या डीएनएचे तुकडे मोजून दाखवले. काही जणांत बायॉप्सीने रिजेक्शन सांगायच्या आधीच हे तुकडे वाढलेले होते. आज काही देशांत ही टेस्ट प्रत्यक्ष वापरात आहे. पण तीसुद्धा एवढंच सांगते की हृदयाला इजा होतेय. कशामुळे, ते शोधायला डॉक्टरच लागतो आणि कधीकधी बायॉप्सीही.

आणि ते प्राणी?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच हवा. कुत्र्याच्या मानेत दुसरं हृदय, उंदराच्या पोटात दुसरं हृदय, हे वाचताना अंगावर काटा येतो.

भारतात प्राण्यांवर प्रयोग करायचा तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे नियम पाळावे लागतात, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घ्यावी लागते. किती प्राणी, कोणती भूल, वेदना कमी करायला काय केलं, सगळं लिहून द्यावं लागतं. १९५९मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी मांडलेली तीन तत्त्वं जगभर मानली जातात : शक्य तिथे प्राणी वापरूच नका, वापरायचे तर कमीत कमी वापरा आणि त्यांना त्रास कमीत कमी द्या.

रक्तातल्या खुणांचा इथेही उपयोग आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. पूर्वी रिजेक्शन कुठवर आलंय ते बघायला तिसऱ्या दिवशी काही उंदीर मारायचे, पाचव्या दिवशी काही, सातव्या दिवशी आणखी काही. रक्तावरून कळलं तर एकाच उंदराचा पूर्ण आठवड्याचा आलेख मिळतो. प्राणी कमी लागतात.

पण तिथेही मर्यादा आहेच. २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळं मिळून दोन मिलिलिटरहून कमी रक्त असतं. चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी! एका वेळी त्यातलं साधारण दहा टक्क्यांहून जास्त काढायचं नाही, म्हणजे तीन-चार थेंब. रोज काढलं तर तो अशक्त होतो, घाबरतो आणि त्या ताणाने रक्तातले आकडेच बदलतात. म्हणून एका-दोन थेंबांत डझनभर प्रथिनं एकदम मोजणारी नवी तंत्रं महत्त्वाची ठरतात. प्राण्याला त्रास कमी द्यायचा ही नुसती दया नाही, आकडा खरा यायचा असेल तर त्याची गरजच आहे.

तीन प्रश्न खिशात ठेवा

तुमच्यातलं कुणी बायोटेक, मायक्रो, फार्मसी, व्हेटर्नरी किंवा लॅब टेक्नॉलॉजी करत असेल, तर हे क्षेत्र तुमच्यासाठी खुलं आहे. इथे सर्जन जितका लागतो तितकाच थेंबभर रक्त नीट हाताळणारा आणि आकडेवारी नीट लावणारा माणूस लागतो.

आणि बाकीच्यांसाठी, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांसाठीसुद्धा, एक हाताशी ठेवायची गोष्ट. पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर ‘एका ब्लड टेस्टमध्ये अमुक आजार ओळखा’ असा मेसेज आला की तीन प्रश्न विचारा. एक, हा आकडा कशाच्या तुलनेत वाढलाय? दोन, तो आजाराच्या आधी वाढतो की नंतर? आणि तीन, तो आणखी कशाकशाने वाढू शकतो?

हे तीन प्रश्न कुणा एका शास्त्रज्ञाला एका रात्रीत सुचले नाहीत. कुत्र्याच्या उतरत्या ईसीजीपासून बबूनच्या वाढत्या आयएल-६पर्यंत, प्रत्येक प्रश्नामागे बरेच प्राणी आणि काही माणसंही गेली आहेत. विचारायला मात्र आपल्याला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ काढा.